नवव्या दारामागची बाग

घाबरट माणसाने लेखी मत देऊ नये. द्यायचंच असेल तर तोंडी द्यावं, आणि तेही समोरचा निघून गेल्यावर. पाणीपुरवठा कार्यालयात मीटरच्या तक्रारींच्या टेबलावर अठ्ठावीस वर्षं काढलेल्या माणसाला एवढं कळायला हवं होतं. तरी मी दिलं. आणि कशावर दिलं, तर एका व्हिडिओ गेमवर.

माझं वय चौपन्न आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे ज्यांच्याशी माझा संबंध आला त्यांतल्या निम्म्यांना मी वीस वर्षांचा वाटत होतो आणि निम्म्यांना मी माणूसच वाटत नव्हतो.

गेमचं नाव 'शून्यतळ'. माझ्या लग्नाच्या सुमारास तो फार गाजला होता. तुम्ही एका परक्या ग्रहावर उतरता. तिथे एक ओस पडलेला संशोधन तळ असतो. माणसं गायब. अंगात तो अवकाशातला फुगीर पोशाख घालून तुम्ही खोल्याखोल्यांतून हिंडायचं, टेबलांवर राहिलेले कागद वाचायचे, किल्ल्या शोधायच्या आणि एकेक दार उघडायचं. कुणाला गोळ्या घालायच्या नाहीत, कुणी तुम्हाला घालत नाही. दुसऱ्याच्या टेबलावरचे कागद निवांत वाचायला मिळणं हे माझ्यासारख्याला स्वर्गसुखच. एकूण दारं नऊ.

आठ मी उघडली. नवव्यापाशी गेलो आणि आतून ठोठावल्याचा आवाज आला. तीन वेळा. मग शांतता. मग पुन्हा तीन वेळा. मी संगणक रीतसर बंद केला नाही. भिंतीतून प्लग उपटला, स्वयंपाकघरात जाऊन दोन ग्लास पाणी प्यायलो आणि त्या गेमच्या वाटेला पुन्हा गेलो नाही. मित्रांना सांगितलं, पूर्ण केला.

इथवर ठीक होतं. पण मुलगी सहा वर्षांची झाली आणि तिला रोज गोष्ट लागायला लागली. माझ्याकडच्या गोष्टी आठवड्यात संपल्या, तेव्हा मी तिला शून्यतळावर नेलं. एकेक दार चांगलं महिनाभर पुरवलं. शेवटी ती म्हणालीच, "बाबा, नवव्या दारामागे काय होतं?" आता त्या पोरीला 'बाबा पळाला' म्हणून सांगायचं का? मी म्हटलं, बाग. काचेच्या छताखाली भलीमोठी बाग, निळी झाडं, आणि तळावरची सगळी माणसं तिथे सुखरूप. कुणीतरी यावं म्हणून तीच आतून ठोठावत होती. पोरगी इतकी खूश झाली की त्यानंतर मलाच ती बाग थोडी थोडी आठवायला लागली.

दोन महिन्यांपूर्वी ही मुलगी आमच्याकडे राहायला आली. सातवा महिना, रक्तदाब चढलेला. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, डाव्या कुशीवर पडून राहायचं आणि मनावर ताण येऊ द्यायचा नाही. हे त्यांनी अशा चेहऱ्याने सांगितलं की मलाच ताण आला. गेल्या वर्षी एकदा पाचव्या महिन्यात सगळं संपलं होतं. त्याबद्दल घरात कुणी अक्षर काढत नव्हतं. जावई जहाजावर नोकरीला, अर्धी पृथ्वी ओलांडून पलीकडे. बायको दिवसातून तीनदा दाब मोजायची आणि आकडा एका वहीत लिहायची. मी रोज सकाळी मुलीच्या खोलीत जाऊन खणखणीत आवाजात म्हणायचो, "काही काळजी करू नकोस, सगळं छान होणार आहे," आणि बाहेर येऊन वहीतला आकडा बघून भिंतीला टेकायचो.

अशात जावयाने तिला वेळ घालवायला भेट पाठवली. 'शून्यतळ', रीमास्टर केलेला. म्हणजे गेम जुनाच, पण चित्रं नव्याने रंगवलेली, आवाज नव्याने भरलेले.

"बाबा, बघा तरी! तुमचा गेम!" ती पडल्या पडल्या ओरडली. "आता मी स्वतः बाग बघणार."

मी म्हटलं, "वा!" माझा आवाज मलाच परका वाटला. मग टीव्ही तिच्या खोलीत हलवताना तो माझ्या पायाच्या अंगठ्यावर पडला. तो भाग सोडून देतो, कारण त्या अंगठ्याची आजतागायत कुणी विचारपूस केलेली नाही. टीव्हीची मात्र सगळ्यांनी केली.

दिवसाला एक तास, एवढीच बायकोची परवानगी होती. त्या हिशोबाने नवव्या दाराला तीन आठवडे होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत मी त्या गेमबद्दल लोक काय म्हणतात ते वाचायला घेतलं. अशी मतं गोळा करणारी एक मोठी साइट आहे. तिथे जगभरची मराठी माणसं येऊन भांडतात. पूर्वी धुकं होतं ते काढलं, गुन्हा केला. पावलांचा आवाज बदलला, माफी नाही. एकाने तर दारांच्या मुठींवर एवढं लिहिलं होतं की तेवढं मी अठ्ठावीस वर्षांत कुठल्याही मीटरवर लिहिलेलं नाही. आणि नवव्या दाराचा विषय आला की मजकुरावर काळी पट्टी. दाबाल तर दिसेल, न दाबाल तर सुखी राहाल. मी माऊसवर बोट ठेवून सुट्टी संपेपर्यंत बसलो. दाबलं नाही. पण एका मूर्खाने पट्टीबाहेरच लिहून ठेवलं होतं, 'नववं दार. नाजूक तब्येतीच्या माणसांनी उघडू नये. नव्या आवृत्तीत तर आणखी भयंकर आहे.'

माझ्या डोळ्यांसमोर वहीतले आकडे नाचायला लागले. मी त्या पोरीला बाग म्हणून सांगितलं होतं. ती फुलं बघायला जावं तशी बेसावध त्या दारात जाणार होती, आणि तिला तिथवर हात धरून नेलं होतं मीच.

घरी येऊन मी सुचवलं, त्यापेक्षा पत्ते खेळू. ती म्हणाली, "घाबरताय कशाला? तुम्हीच तर सांगितलंत बाग आहे." इथे शहाण्या माणसाने खरं सांगून टाकलं असतं. मी मत लिहिलं. तिलाही ती मतं वाचायची सवय होती, म्हणजे ते तिच्या नजरेस पडणार. ती सावध होणार, आणि खोटेपणाचा ठपका कंपनीवर जाणार. मला ही युक्ती इतकी आवडली की मी स्वतःवर खूश होऊन एक चहा जादा घेतला. खात्याचं नाव ठेवलं 'टेबल क्रमांक चार', कारण दुसरं काही सुचेना, आणि लिहिलं ते असं:

'विषय : शून्यतळ या खेळाच्या नूतनीकृत आवृत्तीतील नवव्या दाराबाबत. १. मूळ आवृत्तीत सदर दारामागे काचेच्या छताखाली बाग होती. झाडे निळी होती. सर्व कर्मचारी सुखरूप होते. २. नूतनीकरणात सदर बाग काढून टाकण्यात आली असून तेथे जे ठेवण्यात आले आहे ते नाजूक प्रकृतीच्या व्यक्तींस पाहण्यायोग्य नाही. ३. सबब, अशा व्यक्तींनी सदर दार उघडू नये.'

आणि खाली, हाताच्या सवयीने, 'वरील मजकूर प्रत्यक्ष पाहणीअंती सादर.'

हे वाक्य मी अठ्ठावीस वर्षं प्रत्येक अहवालाखाली लिहीत आलोय, मीटर पाहिलेला असो वा नसो. आमच्या कार्यालयात त्याला कुणी वाक्य समजत नाही. पण ही बाहेरची माणसं. त्यांना कुणी इतकं ठाम लिहिलेलं कधी वाचायलाच मिळालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते मत चारशे जणांना उपयुक्त वाटलं. चौथ्या दिवशी चार हजारांना. मग लोकांना बाग आठवायला लागली. एकाला निळी झाडं आठवली, दुसऱ्याला त्यांची फळंही आठवली. एका बाईंनी लिहिलं की त्या बागेत त्यांचे वडील शेवटचे मनापासून हसले होते. आता हे मत खोटं आहे म्हणणं म्हणजे त्या बाईंच्या वडिलांना रडवणं होतं. बागवाले आणि बिनबागवाले अशा दोन फळ्या पडल्या. बिनबागवाल्यांत 'अखेरचा पहारेकरी' नावाचा एक इसम होता. त्याने लिहिलं, 'हा माणूस थापा मारतोय. कोण आहे, कुठे बसतो, मी शोधून काढणार.'

त्या दिवसापासून घरची बेल वाजली की मी न्हाणीघरात जायला लागलो. पाण्याचा फिल्टर दुरुस्त करणारा माणूस आला तेव्हा मी पाऊण तास आत होतो. बायको दारावर थाप मारून म्हणाली, "अहो, पोट बिघडलंय का?" मी हो म्हटलं. तीन दिवस मला मऊ भात आणि वरून उपदेश मिळाला.

मुलीवर परिणाम झाला तो उलटाच. "बाबा, सगळ्यात वरचं मत वाचलंत? तुमची बाग खरंच होती!"

"तुला शंका होती?" मी दुखावल्यासारखं विचारलं. खरंतर मी दुखावलो होतोच, कशाने ते सांगता येणार नाही.

"नाही हो. पण आता तर दार उघडायलाच हवं. बागेच्या जागी काय आणून ठेवलंय ते बघूच."

ती तेव्हा सहाव्या दारापाशी होती.

मी सल्ला घ्यायचं ठरवलं. आमच्या इमारतीत सल्ल्याला कधी तोटा पडत नाही. वरच्या मजल्यावर कोर्टातले निवृत्त लघुलेखक राहतात. मी त्यांना 'माझ्या एका मित्राची' हकीकत सांगितली. ते म्हणाले, "तुमच्या या मित्राला सांगा, लेखी काही कबूल करू नका. कुणी विचारलं तर आठवत नाही म्हणायचं. आणि बेल वाजली की न्हाणीघरात जात जाऊ नका, संशय येतो." खालच्या मजल्यावर दातांचे डॉक्टर आहेत. ते म्हणाले, "मुळासकट काढून टाका. वरवर घासून आजवर कुणाचं भागलंय?" मला हे पटलं. मत काढून टाकायचं.

साइटवर मत काढण्याचा अर्ज होता. 'कारण निवडा.' पाच कारणं होती. 'मी खोटं बोललो' हे त्यांत नव्हतं, म्हणजे असं कधी कुणी करत नसावं. मी 'इतर' निवडलं. उत्तर आलं की आपलं मत फार लोकांना उपयुक्त वाटल्याने ते आता 'जतन करण्याजोगे' या वर्गात गेलं आहे. काढायचं असल्यास आपल्या नोंदवलेल्या ईमेलवर आलेला संकेतांक कळवावा. नोंदवलेला ईमेल म्हणजे कार्यालयाचा. तो उघडायचा तर संगणककक्षातल्या गृहस्थांची परवानगी. त्यांना आम्ही पासवर्डकाका म्हणतो. त्यांना स्वतःचा पासवर्ड कधी आठवत नाही, पण दुसऱ्याचा ते सहजासहजी देत नाहीत. ते म्हणाले, "अर्ज करा. तीन प्रती. साहेबांच्या शेऱ्यासह." माझ्याच अर्जाला माझ्याच टेबलावर मीच आवक क्रमांक दिला आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेलो.

"कारण?" साहेबांनी विचारलं.

"एक जुनी नोंद काढायची आहे, साहेब. शून्यतळ म्हणून एक..."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "तुम्हीसुद्धा? अहो, काय सांगता! त्या टेबल क्रमांक चारचं वाचलंत का?"

साहेबांच्या केबिनला काच आहे. काचेपलीकडे माझं टेबल, आणि टेबलावर पत्र्याची पाटी, 'टेबल क्र. ४'. मी हळूच दोन पावलं डावीकडे सरकलो आणि अंग जमेल तेवढं रुंद केलं.

"बाग म्हणे!" साहेब लालबुंद झाले. "मी तेव्हा पूर्ण केलाय हो तो गेम. बाग नव्हती. हा माणूस मला एकदा भेटू दे. म्हणजे मी त्याला..." पुढे ते हातांनी बोलले.

"मग काय होतं, साहेब, नवव्या दारामागे?" मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिथे फक्त सायकलींचा स्टँड आहे. "ते असं सांगायचं नसतं," ते हळू आवाजात म्हणाले. "मजा जाते." आणि अर्जावर 'चर्चा करावी' असा शेरा मारून त्यांनी तो बाजूला ठेवला. ज्या अर्जावर हा शेरा पडतो त्याच्यावर आमच्याकडे कधीही चर्चा होत नाही.

त्याच आठवड्यात गेम काढणाऱ्या कंपनीचं पत्र साइटवरच्या माझ्या खात्यात आलं. त्यांनी लिहिलं होतं, आमच्या जुन्या प्रतीत बाग सापडत नाही. परंतु सहा हजार खेळाडूंना ती आठवते, आणि मूळ गेम बनवणाऱ्यांपैकी जे दोघे हयात आहेत त्यांनाही आता खात्रीने नाही म्हणवत नाही. आपण प्रत्यक्ष पाहणी केलेली असल्याने कृपया बागेचा नकाशा पाठवावा.

मी ते पत्र दोनदा वाचलं. ज्यांनी तो ग्रह घडवला त्यांनाच मी त्यावर शंका घ्यायला लावली होती. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दुपारी दोनला घरी आलो.

मुलीच्या खोलीतून आवाज येत होता. ठक, ठक, ठक. मग शांतता.

मी दारातच थांबलो. टीव्हीवर ते होतं, नववं दार, आता चकचकीत, प्रत्येक खिळा दिसणारं. मुलगी डाव्या कुशीवर पडून त्याच्याकडे बघत होती.

"बसा," ती म्हणाली. "मला एक सांगा. 'सबब' हा शब्द लिहिणारी माणसं जगात किती असतील? आणि 'प्रत्यक्ष पाहणीअंती सादर'? माझ्या शाळेच्या सहलीच्या परवानगीवरसुद्धा तुम्ही हेच लिहिलं होतंत. बाईंनी वर्गात वाचून दाखवलं होतं."

लघुलेखकांचा सल्ला मला आठवला. आठवत नाही म्हणायचं. पण तिच्याकडे बघून ते जमेना.

"बाग नव्हती," मी म्हणालो. "म्हणजे असेलही. मला माहीत नाही. मी हे दार कधी उघडलंच नाही. मी प्लग काढून पळालो."

तिने नजर पुन्हा टीव्हीवरच्या दाराकडे वळवली. मग म्हणाली, "चौथीत एक मुलगी म्हणाली होती, अशी निळी झाडं कुठे नसतात. मी तिच्याशी वर्षभर बोलले नव्हते."

"चुकलं माझं."

"आता उघडू या."

"नको गं! तुझा दाब... ते भयंकर आहे म्हणतात. मी पाया पडतो तुझ्या."

"बाबा, तीन दिवस मी याच्यासमोर पडून आहे. उघडू की नको, उघडू की नको. त्यानेच मला धाप लागते. उघडू या. बटणावर तुमचंही बोट ठेवा."

मी ठेवलं. माझं बोट थरथरत होतं. तिचंही थरथरतंय हे मला तेव्हा कळलं. आम्ही दाबलं.

दार सरकलं. आत काळोख. आणि त्या काळोखातून एक फुगीर पांढरी आकृती थेट आमच्या अंगावर आली. मी किंचाळलो. मुलगी किंचाळली. मी जास्त जोरात किंचाळलो, असं नंतर वरच्या लघुलेखकांनी सांगितलं. मग ती आकृती मागे गेली, पुन्हा पुढे आली, आणि तिच्या बुटाची टाच दाराच्या चौकटीवर आपटली. ठक, ठक, ठक. तो रिकामा पोशाख होता. कुणीतरी खुंटीला टांगून गेलेला. वरच्या झरोक्यातल्या वाऱ्याने झुलत होता. मागे एक छोटी मोकळी खोली, एक खुर्ची, बस्स. तीस वर्षं मी एका बुटाला घाबरत आलो होतो.

बायको दाब मोजायचं यंत्र घेऊन धावत आली. तिने आधी मुलीचा दाब घेतला, मग मला बोलायचं ते बोलून घेतलं. आकडा कालच्याइतकाच होता. कमीही नाही, जास्तही नाही. ती तो लिहायला वही आणायला गेली.

मुलगी हसत होती. मीही हसलो. मग तिचं हसू थांबलं.

"बाबा, रोज सकाळी म्हणता ना, सगळं छान होणार आहे म्हणून. तेही प्रत्यक्ष पाहणीअंतीच का?"

मला काही सावरून बोलता आलं असतं. तेवढा अनुभव आहे. पण अंगातली सगळी ताकद त्या किंचाळण्यात गेली होती.

"नाही," मी म्हणालो. "मला काहीच माहीत नाही. मला फार भीती वाटते. फोन वाजला तरी वाटते. तुझी आई वही उघडते तेव्हा वाटते. मागच्या वेळी हॉस्पिटलात मी दोन तास उशिरा आलो ना? गाडी मिळाली नाही म्हणून सांगितलं तुला. मिळाली होती. मी खाली जिन्यातच बसून होतो. वर यायला पाय उचलत नव्हते."

तिचे डोळे भरून वाहायला लागले, आणि तिने ते पुसलेही नाहीत.

"मग मी एकटीच घाबरतेय असं मला इतके दिवस का वाटू दिलंत?" ती म्हणाली. "तुम्ही रोज येऊन एवढं ठणकावून सांगायचात, मला वाटायचं माझंच काहीतरी बिघडलंय."

मी पलंगाच्या कडेला बसलो आणि तिचा हात हातात घेतला. टीव्हीवर गेम बनवणाऱ्यांची नावं सरकायला लागली होती. तिने विचारलं, जिन्यात काय करत होतात. मी सांगितलं, पायऱ्या मोजत होतो, सारख्या चुकत होत्या. मग ती सांगायला लागली. त्या दिवशी आत काय झालं ते, जे ती आजवर कुणालाच बोलली नव्हती, आणि यावेळी कुठल्या कुठल्या गोष्टीची भीती वाटते ते. यादी मोठी होती. काही भीती आमच्या दोघांच्या सारख्याच निघाल्या.

बायको वही घेऊन दारात उभी होती. कधीपासून, कोण जाणे. तिने वही टीव्हीशेजारी ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि पलंगापाशी आली.

"सरका जरा," ती म्हणाली. "मला पण बसू द्या."